डावीकडून

माननीय आयुक्त साहेब,
आयकर भवन, रेसकोर्स, बडोदे.
विषय: विवरणपत्राला झालेला उशीर माफ होणेबाबत.

मी प्रमिला फणसे, वय एकसष्ट,
दांडिया बाजार, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
छत्तीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली.
जुलैची एकतीस गेली, डिसेंबरचीही गेली.
बँकेत पंधरा-एच द्यायचा राहिला,
आणि माझ्या व्याजातले नऊ हजार तीनशे अठरा
तुमच्याकडे येऊन बसलेत.
ते परत हवेत. पेट्रोलसाठी. ते पुढे येईलच.

किरीटभाई म्हणाले, बेन, आजारपण लिहा.
सर्टिफिकेट मी आणून देतो,
मणक्याचं चालतं, मोतीबिंदूचं त्याहून बरं,
सासूबाई वारल्या असतील तर उत्तमच.
म्हटलं, त्या जाऊन बावीस वर्षं झाली.
म्हणाले, तारीख कोण बघतो?

तारीखच तर बघता तुम्ही, साहेब.

नमुन्यात 'कारण' या शब्दापुढे
दीड ओळ सोडली आहे.
माझ्या मुली प्रत्येक पायरीपुढे कारण लिहायच्या:
पक्ष. समान बाजू. व्युत्क्रम कोन.
जिला येत नसे ती लिहायची,
'कारण आकृतीत तसं दिसतं',
आणि मी गुण कापायचे.
अर्धा तरी द्यायला हवा होता.

तर आकृतीत असं दिसतं:
पोलो ग्राउंड, संध्याकाळचे सहा,
खालच्या मजल्यावरच्या झरणाची निळी स्कूटी,
झरणा मागे धावतेय, ओरडतेय,
मासी, हँडल आहे ते, लाटणं नाही!
जुलैत पडले. ऑगस्टमध्ये पडले.
सप्टेंबरात गरब्याच्या मंडपाचे बांबू उभे राहत होते,
त्यातल्या एकाला जाऊन भिडले.
बांबूला काही झालं नाही.
झरणा हसत हसत मातीत बसली,
मग मीही बसले, गुडघा सोलला होता तरी.

कागद तयार होते, खोटं का बोलू?
पॅन, पासबुक, बँकेचा दाखला,
सगळे डिकीत, फडक्याखाली,
रोज माझ्याबरोबर मैदानाला फेऱ्या घालायचे.
उद्या भरू, मी त्यांना सांगायचे.
दिवाळीनंतर भरू.
थोडी चौथ्या फेरीत न डगमगता गेले की भरू.

घरात पाणी शिरलं नव्हतं.
कुणी गेलं नव्हतं.
मी मजेत होते, साहेब.
किरीटभाई सांगतात, नियमात 'खरीखुरी अडचण' लागते,
मजा त्यात बसवता येत नाही.
मी बसवून पाहिली. खरंच बसत नाही.
पण एवढ्या वर्षांत अशी आलीच नव्हती ती,
आल्यावर तिला म्हणू कसं,
थांब जरा, विवरणपत्र भरते?

अर्ज द्यायला आज स्वतः आले. एकटी.
एक उणीव लपवत नाही:
उजवीकडे वळायला अजून जमत नाही.
समोरून येणाऱ्यांना कापत जायचं,
हात दाखवायचा, कुणीतरी थांबेल असं धरून चालायचं,
तेवढा धीर होत नाही.
मग डावं वळण, पुन्हा डावं, पुन्हा डावं.
तीन डावी मिळून एक उजवं होतं,
हे मी फळ्यावर सिद्ध करून दाखवीन.
रस्त्यावर त्याला वेळ लागतो, इतकंच.
सुरसागरातल्या महादेवाला
दोन उलट्या प्रदक्षिणा घडल्या आज,
त्याच्याकडेही असाच अर्ज करावा लागेल.

अकराला निघालेली, एकला फाटकात पोचले.
शिपाई म्हणाला, साहेब जेवायला गेलेत, बसा.
बसले आहे. मांडीवर हेल्मेट,
हेल्मेटवर हा कागद, म्हणून अक्षर असं गोलाकार.
दीड ओळीत मावलं नाही,
कृपया मागील बाजू पाहावी.

दोन वाजेपर्यंत घरचा रस्ता मनात आखते आहे.
तुमच्या फाटकातून बाहेर पडलं
की तो उजवीकडे आहे.